आवणाची पत्रिका

दर सोमवारी काका आले की आधी उजव्या हाताचं बोट सदऱ्याला पुसायचे. मग आमच्या ऑफिसच्या भिंतीवर लावलेल्या विकास आराखड्यावर, एका ठरलेल्या जागी ते बोट टेकवायचे आणि मान न वळवता मला विचारायचे, "बाय, हिरवा हाय नं?"

"हिरवाच आहे, काका. मागच्या सोमवारीही होता."

"बग हां," एवढं म्हणून निघायचे.

मी नगररचना विभागात आरेखक आहे. म्हणजे नकाशे काढते आणि रंग भरते. हिरवा म्हणजे शेती, पिवळा म्हणजे घरं, निळा म्हणजे दुकानं आणि हॉल. तुम्ही अशा ऑफिसात कधी आला असाल तर पाहिलंच असेल, येणारा प्रत्येक जण हिरव्याचं पिवळं करून मागत असतो. हिरव्याचं हिरवंच राहू द्या म्हणणारे आमच्याकडे हे एकटेच. आमच्या साहेबांना तर सुरुवातीला त्यांचा संशयच यायचा.

डोंबिवलीच्या पूर्वेला, खाडीच्या अंगाला त्यांचं भाताचं शेत. तिन्ही बाजूंना टॉवर आलेले. मी एकदा विचारलं, काका, इतकी काळजी कशाला करता? तर म्हणाले, "माजी भैन घोडबंदर रोडला दिली. तिचे शेतावर आता टावर हाय, तिथंच रातं ती. म्हनते, लिफ्टान उबी रायली का मना भाताचा वास येतं." मी हसले. ते हसले नाहीत.

आता गंमत ऐका. नव्या आराखड्यासाठी कुठल्या जमिनीवर काय चाललंय याची पाहणी निघाली. काम एका खासगी एजन्सीला दिलेलं. तिचे दोन इंजिनिअर त्या गावात पोचले ते मे महिन्यात, नेमके काकांच्या नातीच्या हळदीच्या दिवशी. आता आमच्याकडच्या आगरी गावात हळद म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. भात कापून झालं की शेत रिकामं, आणि अख्ख्या गावाला जेवू घालायचं तर मांडव शेतातच पडणार. झुंबरं, कमान, डीजे, सगळं होतं. काकांनी त्या दोघांना हाताला धरून पंगतीत बसवलं, तांदळाची भाकरी आणि मटण आग्रह करकरून वाढलं. दोघं खाल्ल्या मिठाला जागले. त्यांनी प्रामाणिकपणे लिहिलं: 'लॉन व सभागृह, उत्तम स्थितीत.'

प्रारूप आराखडा लागला तेव्हा काकांनी बोट पुसलं, टेकवलं आणि पहिल्यांदाच मागे वळून माझ्याकडे पाहिलं. बोटाखाली निळं होतं.

गावात पेढे वाटले गेले. ज्या जमिनीसाठी लोक जन्मभर खेटे घालतात, ती एका पंगतीत निळी झाली होती. त्यांच्या मुलाचा रेती-सिमेंटचा धंदा, त्याला तर आकाश ठेंगणं झालं. "बाबा, लॉटरी लागली आपल्याला," तो माझ्यासमोर म्हणाला. काका म्हणाले, "लॉटरीचा भात शिजतं काय रं?" आणि रागाने पायऱ्या उतरून गेले. दुसऱ्या दिवशी हरकत घेऊन हजर. त्या वर्षी आलेल्या हरकतींत जमिनीचा भाव उतरवून मागणारी तेवढीच एक.

सुनावणी लागली ती पावसाच्या तोंडावर. समितीचे अध्यक्ष निवृत्त अधिकारी, कडक इस्त्रीचे. ते म्हणाले, "आजोबा, सातबारावर भात आहे, मान्य. पण फोटोत झुंबर आहे."

"मंग बगायला या."

"समितीला वेळ नसतो."

काका उठून गेले. आठवड्याने आले ते आवणाची, म्हणजे भातलावणीची, पत्रिका घेऊन. लग्नाची असते तशी, लाल, वर गणपती. 'आमचे शेतात आवण करण्याचे योजिले आहे, तरी सहकुटुंब येऊन भात लावावा. जेवल्याशिवाय कोणी जाऊ नये.' समितीतल्या प्रत्येकाच्या हातात नारळ, कपाळावर अक्षता चिकटवलेल्या. अध्यक्षांनाही कपाळ पुढे करावं लागलं. आता नोटीस टाळता येते हो, पण अक्षता कशा टाळणार? गेली समिती. मीही गेले, कोपरहून रिक्षा करून. खोटं कशाला बोलू, मटणासाठीच गेले होते.

चिखल पोटरीपर्यंत. काकांनी अध्यक्षांच्या हातात रोपांची जुडी दिली. त्यांनी एक रोप खोचलं, दुसरं खोचलं, आणि तिसऱ्याला त्यांचा बूट जो रुतला तो आजतागायत तिथेच आहे. काका बांधावरून शांतपणे म्हणाले, "साहेब, आता लिवा. काय हाय तं?" अध्यक्ष एका पायावर उभे राहून म्हणाले, "लिहा, शेती आहे." लावणीला आलेल्या बायांनी तिथल्या तिथे त्यावर गाणं म्हटलं.

जेवून निघताना काका प्रत्येकाला बजावत होते, "पुढले वर्साला पन यायचा. आतापासून सांगून ठेवतू."

शेत पुन्हा हिरवं झालं. पण नवा नकाशा छापून भिंतीवर लागला तेव्हा ते बघायला काका नव्हते. भात घरात आलं आणि थोड्याच दिवसांत ते गेले. मला वाईट वाटलं, खूप वाटलं. सोमवारी जिना वाजला की मान वर व्हायची.

जूनमध्ये त्यांचा मुलगा आला. मी मनात म्हटलं, आला हा, पिवळं करून मागायला. तो शेजारी अजून लटकत असलेल्या जुन्या नकाशासमोर थांबला आणि म्हणाला, "मॅडम, आमच्याच जागेवरचा रंग कसा उडालाय?"

"तुमच्या बाबांनी घालवलाय. हिरवा आहे का बघून बघून."

त्याने वाकून तो पांढरा ठिपका पाहिला. मग पिशवीतून एक लाल पत्रिका काढून त्याने माझ्या टेबलावर ठेवली. "मला काही हौस नाय हां," तो घाईघाईने म्हणाला. "बिल्डर रोज फोन करतोय. पण बाबांनी सगळ्यांना आमंत्रण देऊन ठेवलंय. त्या बूट रुतलेल्या साहेबांनी तर कालच विचारलं, या वर्षी कधी? आता पाहुणे येणार म्हटल्यावर शेत नको का?"

तो गेला. मी उठले, ओढणीला बोट पुसलं आणि नव्या नकाशावर त्या जागी टेकवलं.

हिरवाच आहे, काका.