पोटुशीचा नाक

लढाईच्या दिवसात केशोरीले आमच्या विहिरीजवळ एका मोटारवाल्यानं पेट्रोलचे टिपाड ठेवले होते. एक टिपाड फुटला, पेट्रोल जमिनीत मुरला आन विहिरीच्या पान्याले वास सुटला. मंग आमी बाया दूरच्या बोडीवरून, त्या लहानशा तळ्यावरून, पानी आनाले लागलो. मान दुखून जाये. मले तवा दिवस गेले होते.

सासू म्हने, "पोटुशीचा नाक लय तेज रायते. रोज तूच हुंगत जाय." सासू रोज सकाळी विहिरीची एक बादली काढे, मी हुंगो.

"येते काय वो वास?"

"येते."

मंग पान्याची गुंडी डोईवर घेऊन बोडीवर.

लेकरू झाला. सव्वा महिन्यानं मी विहिरीवर गेली, बादली हुंगली, त वासच नाही. बाया खूश झाल्या, आपापले दोर घेऊन आल्या. माझ्या धाकट्या जावेनं बादली काढली आन तिथंच ओकली.

"पेट्रोलचाच वास येऊन राहिला," म्हने.

सासूनं तिच्याकडं निरखून पायला. "मले येत नाही, हिलेबी येत नाही. मंग तुलेच काऊन येते वो?"

जावेनं लाजून तोंडात पदर धरला. तिलेबी दिवस गेले होते, अजून कोनाले सांगतला नव्हता.

सासू हसाले लागली. "दोर गुंडाळा, बायाहो. पानी अजून खराबच हाय, पन आमच्या घरी नवा नाक आला."

त्या दिवशी जावेची गुंडीबी माझ्याच डोईवर आली. सासू बोडीपावतर हसत होती. मान दुखे, तरी मलेबी हसू येऊन राहिला होता.