घोड्याच्या झऱ्यावर सुचलेलं

अर्खिप्पाचा आवाज घोगरा. आस्क्रा गावात ती जवाच्या भाकऱ्या विकायची. भाजताना कधी गुणगुणली, की शेजारची मिक्का भिंतीपलीकडून ओरडायची, "गप गं बाई! तुझ्या आवाजानं माझ्या शेळ्या पान्हा चोरतात."

लेक फिलोताचं लग्न झालं ते थेट समुद्रापार, सिसिलीत. जहाज दिसेनासं झालं आणि अर्खिप्पाला घास गोड लागेना. एका दुपारी चूल तशीच टाकून ती हेलिकॉन डोंगर चढली. वर पंखांच्या घोड्याने टाप मारून फोडलेला झरा होता. कवी तिथे येऊन गाण्याच्या देवता असलेल्या नऊ बहिणींची करुणा भाकायचे, शब्द मागायचे. अर्खिप्पाला काही मागायचं नव्हतं. घरात बसवत नव्हतं, एवढंच.

ओंजळभर पाणी प्यायली तर दात शिवशिवले. ओकच्या सावलीत तिचा डोळा लागला. झोप की जाग, तिलाच कळेना. पाण्याखालून बायका नाचत चालल्यासारखी पावलं वाजत होती, ओल्या केसांचा वास येत होता, आणि कुणीतरी तिच्याच आवाजात गात होतं: अंजिराला फळं धरली, तू नाहीस, शेळी व्याली, तू नाहीस. ऊन कलल्यावर ती उठली, तेव्हा गाणं ओठांवर होतं.

घरी येऊन ती तेच गात पीठ मळू लागली. मिक्का दारात आली, पण ओरडली नाही.

"कुठलं गं हे?"

"वरचं," अर्खिप्पा म्हणाली.

मग मिक्का दळताना तेच म्हणू लागली, हळूहळू सगळ्या बायका. त्या नऊ बहिणींच्या उत्सवाला येणारे परके लोक ते ऐकून आपापल्या गावी घेऊन गेले.

बरीच वर्षं लोटली. सोसिलास नावाचा लोकरीचा व्यापारी भाकरी घ्यायला थांबला आणि सहज तेच गुणगुणू लागला. पुढचं कडवं मात्र अर्खिप्पाचं नव्हतं: इथेही अंजीर पिकतं, आई, तोडताना तुला हाक मारते.

तिचे हात पिठातच राहिले. "हे कुणी शिकवलं हो?"

"आमच्या सिसिलीत, सिराक्यूजला शेजारीण आहे, ती म्हणते. इकडचीच. फिलोता."

"बरी आहे ना?"

"मजेत! दोन मुली लग्नाच्या झाल्यात. केस पिकायला लागलेत."

"केस?" अर्खिप्पाने विचारलं. तिच्या मनातली फिलोता अजून बंदरावर नव्या चपला हातात धरून उभी होती.

"तुझे नाही का पिकले?" बोलणं ऐकून दारात आलेली मिक्का म्हणाली आणि तिने सोसिलासपुढे स्टूल सरकवलं. "बसा हो भाऊ. सगळं सांगितल्याशिवाय जायचं नाही."