बॉनेटवरचं कुंकू
कॉलेजच्या वाटेवर रंगाच्या थिनरचा वास आला की मला गुंजवण्यातला आमचा गोठा आठवतो. म्हशी बाहेर बांधून वडिलांनी तिथं फार्महाऊसवाल्या साहेबांची जुनी स्पोर्ट्स कार वर्षभर खपून नवी केली. पहिल्या फेरीत आईला भोर दाखवून आणा, असं साहेबच वडिलांना म्हणाले होते. त्या दिवशी आईनं ठेवणीतली साडी नेसून बॉनेटला हळदकुंकू लावलं. “पदर घट्ट धर, हिला टप न्हाई,” वडील हसले. तेवढ्यात साहेब येऊन ओरडले, “अहो, रंगाची वाट लावलीत!” वडिलांनी घाईनं टॉवेलनं कुंकू पुसलं. साहेब एकटेच गाडी घेऊन गेले. आई म्हणाली, “फेरीचं ऱ्हाऊ द्या. पर तुमी कशाला पुसलंत? त्येला पुसू द्यायचं हुतं.” वडील म्हशी परत गोठ्यात बांधायला गेले. मी अजून त्यांची बाजू शोधतो, पण ती सापडत नाही.