लाखेनं बुजवलेलं भोक

आमच्या मोटारीच्या मागच्या डाव्या खिडकीला बाहेरून एक पत्र्याची पेटी अडकवलेली होती आणि तिचा मला भारी माज होता. ही पन्नास सालानंतरची गोष्ट. गोंडपिपरीला आमची धानाची गिरणी होती आणि वडिलांच्या मागे राहिलेली, लढाईच्या आधीची एक मोटार. उन्हाळ्यात तिच्यात बसणं म्हणजे चुलीत बसणं. पेटीची कल्पना माझी आणि काम चांदा शहरातल्या एका पत्रेकाम करणाऱ्या चाचांचं. रचना अगदी साधी. पेटीचं तोंड गाडीच्या धावायच्या दिशेला उघडं, आत वाळ्याची जाड ताटी, वर पाण्याची टाकी आणि टाकीच्या बुडाला सुईनं पाडलेली बारीक छिद्रं. गाडी पळू लागली की वारा पेटीत शिरायचा, ओल्या वाळ्यातून आत यायचा आणि मागच्या सीटवर बसलेल्याला मे महिन्यात गारठा वाटायचा.

पेटी बसवून झाल्यावर चाचांनी तोंडातलं पान तसंच ठेवून, हातातली कात्री गाडीकडे रोखून मला बजावलं, "भाऊ, सास को संभालना. सास बंद हुई तो ठंडक गई समझो."

कात्री रोखली होती तिथं गाडीला टेकून माझी आई उभी होती. "हे कोंबड्याचं खुराडं काऊन टांगून राह्यले गाडीले?" असं तिचं मघापासून चाललेलं. मी पोट धरून हसलो. माझी आई म्हणजे माझ्या बायकोची सास. ही बाई बोलायची बंद झाली तर घरातला गारवा गेलाच, हे चाचांनी एका भेटीत ओळखलं, असं मी समजलो. नागपूरला कॉलेजात काही वर्षं काढल्यानं हिंदी आपण कोळून प्यायलोय असाही माझा एक समज होता. घरी येऊन मी बायकोला हे सांगितलं. तीही पदर तोंडाला लावून हसली. मग ती आमची दोघांची खूण झाली. आई रुसून गप्प बसली की आम्ही एकमेकांकडे पाहून 'ठंडक गई' म्हणायचो.

टाकीच्या माथ्यावर, झाकणाच्या बाजूला एक भोक होतं, ज्वारीच्या दाण्याएवढं. गाडी खड्ड्यात आदळली की त्यातून पाण्याची चिळकांडी उडायची आणि खिडकीतून आईच्या लुगड्यावर पडायची. आईची तक्रार नव्हती. "उडू दे, गार वाटते," म्हणायची. पण मला ते खपेना. आपल्या पेटीला भोक कसं? चाचा तिथं कथलाचा डाग द्यायला विसरले असणार, असं मी ठरवून टाकलं आणि वैशाखातल्या एका सकाळी लाख वितळवून भोक बुजवलं. बायको लाखेची कांडी धरून समोर उभी होती.

"चाचाले विचारून घ्या ना जी आधी," ती म्हणाली.

"भोक बुजवायला काय विचारायचं?" मी म्हणालो. वर बोट फिरवून लाख गुळगुळीत केली. आई ओट्यावरून पाहत होती.

त्यानंतर आठ-दहा दिवस गाडी बाहेर निघालीच नाही, आणि मग बायकोला ऊन लागलं. त्या दिवशी तिला चतुर्थीचा उपास होता, तोही पाण्याशिवाय, आणि अंगणात पापडांचं वाळवण पडलेलं. आई दोनदा ओरडली, तरी ती उन्हातून उठली नाही. अकराच्या सुमारास ती पापडांवरच आडवी झाली. उचलून आत आणलं तेव्हा अंगाला हात लाववत नव्हता आणि घामाचा एक थेंब नव्हता. दवाखान्यातले डॉक्टर दौऱ्यावर गेले होते. कंपाउंडरनं डोळ्यांच्या पापण्या वर करून पाहिल्या आणि मला बाजूला घेतलं.

"चांद्याले न्या, आताच्या आता. पन अंग थंड ठेवा जी. रस्त्यात आणखी तापली तर मंग काई खरं नाई."

मला त्याही घडीला पेटी आठवली आणि धीर आला. दुसऱ्या कोणाकडे अशी सोय होती? मी टाकी काठोकाठ भरली, वाळा भिजवला, पाण्याची एक कळशी पुढच्या सीटवर घेतली. आई मागे बसली, बायकोचं डोकं मांडीवर घेऊन. आम्ही निघालो.

पहिले दोन-तीन मैल हवा गार येत होती. मला मानेवर कळत होतं. मग आई म्हणाली, "बाबू, हवा गरम येऊन राह्यली."

मी गाडी थांबवली, उतरलो, टाकीचं झाकण उघडलं. पाणी जवळपास तेवढंच होतं. खाली वाकून पाहिलं तर छिद्रांतून थेंब टपटप पडत होते. "चालू तर आहे," मी वैतागून म्हणालो, झाकण घट्ट बसवलं आणि निघालो. मैलभर गेलो नाही तोच पुन्हा तेच. आता मलाच झळ लागत होती. पुन्हा थांबलो, झाकण काढलं, पुन्हा थेंब सुरळीत. हे कसलं भूत, मला कळेना. पाहावं तेव्हा चालू आणि पाठ फिरली की बंद. मी आईकडून लुगड्याची टाचणी घेतली आणि एकेक छिद्र साफ केलं. वाळा दाबून बसला असेल म्हणून ताटी बाहेर काढून झटकली. रस्त्याकडेला मोहाची झाडं होती, पण सावलीत उभं राहून उपयोग नव्हता, कारण गाडी थांबली की वारा थांबत होता. प्रत्येक थांब्यावर बायको आणखी तापत होती, हे मला दिसत होतं.

"ओली फडकी दे मले," आई म्हणाली, "अन् तू गाडी चालव."

"तूच तिथं काहीतरी दाबून बसली असशील," मी तिच्यावर खेकसलो. "जरा सरकून बस." तिनं पुढची कळशी मागे ओढून घेतली. पदर कळशीत बुडवून ती बायकोच्या कपाळावर, गळ्यावर, तळपायांवर फिरवत राहिली. त्या हवेत ओला पदर बघता बघता वाळायचा.

तिसऱ्यांदा मी अक्कल चालवली. झाकण उघडं असलं की थेंब पडतात ना, मग उघडंच ठेवू. झाकण सीटवर टाकून निघालो. थेंब पडत राहिले, पण पुढे एका कोरड्या नाल्यात गाडी उतरली, आपटली आणि टाकीच्या उघड्या तोंडातून निम्मं पाणी बाहेर उडालं. रस्ता सगळा तसाच, खड्ड्यांचा. असं केलं तर टाकी दहा मिनिटं पुरली नसती. वरून इंजिनही वाफा सोडू लागलं. कळशीतलं पाणी मी त्याला पाजलं. बायकोच्या तोंडचं पाणी लोखंडाला घालतोय असं वाटून मला भडभडून आलं.

वाटेतल्या कोठारी गावाला विहिरीवर कळशी आणि टाकी पुन्हा भरून घेतली, झाकण घट्ट लावलं. बायको तोपर्यंत बरळत होती. तिच्या माहेरच्या कुठल्याशा गाईला हाका मारत होती. मग ती बरळायची थांबली आणि ते जास्त वाईट होतं. मी ॲक्सिलेटर दाबून धरला होता. सगळी भीती मी तोंडावाटे काढत होतो. चाचांना शिव्या घालत होतो, त्यांच्या कामाला, त्यांच्या पानाला, त्यांच्या कात्रीला. हवा पुन्हा गरम झाली होती.

मागून आई म्हणाली, अगदी हळू, "बाबू, हिचा सास बंद होऊन राह्यला."

मी ब्रेक मारला. मागे वळून पाहिलं तर बायकोची छाती थांबून थांबून वर येत होती, मध्ये बराच वेळ काही नाही. आणि आईचे ते दोन शब्द माझ्या कानात राहिले. सास बंद. आमच्याकडे श्वासाला सासच म्हणतात. मी जन्मभर ऐकत आलेला शब्द. चाचांच्या तोंडात पान होतं म्हणून साँसचा सास झाला होता, आणि मला शहाण्याला त्यात सासू दिसली. टाकीला श्वास लागतो. पाणी खाली जायचं तर वरून हवा आत यायला हवी. त्यासाठी ते भोक होतं. झाकण उघडलं की टाकीला हवा मिळायची, थेंब पडायचे. लावलं की गुदमरायची.

मी आईच्या अंबाड्यातला आकडा ओढून घेतला आणि लाखेवर तुटून पडलो. मी ती इतकी गुळगुळीत घोटली होती की आकडा घसरत होता. दोनदा बोटात गेला. शेवटी लाखेचा टवका उडाला आणि टाकीनं सूं करून हवा आत ओढली. खाली थेंब सुरू झाले. मी गाडी पिटाळली. थोड्या वेळानं आई म्हणाली, "येऊन राह्यली हवा." पुढे बल्लारशा कधी गेलं, ते मला आठवत नाही. खड्ड्याखड्ड्याला आईच्या अंगावर चिळकांडी उडत होती आणि तिनं बायकोचं तोंड त्या बाजूला केलं होतं.

चांद्याच्या दवाखान्यात तिला ओल्या चादरीत गुंडाळलं, बर्फ आणवला, सलाईन लावलं. डॉक्टर म्हणाले, शुद्धीवर आली तर आली, आता काही सांगता येत नाही. मी खाटेच्या उशाशी बसलो, हाताशी पाण्याचा तांब्या घेऊन. आई पायथ्याशी उभी होती. ऊन कलता कलता बायकोच्या बोटांची हालचाल झाली, पण डोळे मिटलेलेच होते. तेवढ्यात सासरे आले. ते चांद्यालाच राहायचे. लेकीकडे एकदा पाहून त्यांनी माझ्याकडे मोर्चा वळवला.

"बाराले निघाले अन् चारले पोचले. तीस-पस्तीस मैलाले एवढा वेळ काऊन लागला?"

टाकी बंद पडत होती, मी म्हणालो. भोक बुजलं होतं.

"कोणं बुजवलं?"

मी बोलणार होतो. शप्पथ, बोलणार होतो. पण आई आधी बोलली.

"मीच बुजवाले लावलं जी. माह्या लुगड्यावर पाणी उडे."

सासरे तिच्याकडे बघतच राहिले. "एका लुगड्यापायी, इहीणबाई?" एवढंच म्हणाले. आईनं मान खाली घातली. लुगड्यावर चिळकांड्यांचे डाग वाळले होते. त्यानंतर आई असेपर्यंत सासरे आमच्या घरी जेवले नाहीत.

मी वळलो तर बायकोचे डोळे उघडे होते. किती वेळचे, कोण जाणे. लाखेची कांडी तिनंच धरली होती, तिला सगळं ठाऊक होतं. ती माझ्या तोंडाकडे बघत होती, थकलेली, पण नीट बघत होती. मी खरं सांगायची ती वाट पाहतेय हे मला कळलं. ती वाचली याचा आनंद मला झाला होता आणि त्याच क्षणी ती नसती जागी झाली तर बरं, असंही काहीतरी मनात चमकून गेलं. ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मी चादर सारखी केली.

मग तिनं नजर माझ्यावरून काढली आणि पायथ्याकडे वळवली.

"आई, पाणी द्या जी," ती म्हणाली. लग्नाला चार वर्षं झाली होती, तोवर ती सासूला आत्याबाई म्हणायची. आई खाटेला वळसा घालून आली आणि तिनं माझ्या हातातून तांब्या घेतला.