भांडणारी भेंडी

चहा हातात असेल तर आधी खाली ठेवा, मग सांगते. लेकीच्या परीक्षेत मी जो गोंधळ घातला, तो ऐकून सांडेल.

माझी पल्लवी चित्रकलेच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला. वाशीमला प्रदर्शन होतं आणि बाहेरगावचे सर तिथंच मार्क देणार होते. पोरीनं कापडाची वांगी, टमाटे, भेंड्या शिवल्या होत्या. आत वीज वाहणारा धागा. हात लावला की भाजी गोड आवाजात बोलायची, "मी भेंडी आहे, मी काळ्या मातीत वाढले..."

"आई, मी डबा खाऊन येते. तू लक्ष ठेव," म्हणून ती गेली.

लक्ष ठेवणं मला कोणी शिकवायचं? जन्म गेला बाजारात भाजी विकण्यात. खुर्चीत पाठ दुखते, म्हणून टेबलामागं खालीच बसकण मारली. मोबाईल उतरला होता, तर भिंतीतली एक पिन काढून आपली लावली. एवढी अक्कल आहे मला.

तेवढ्यात वर एक हात दिसला. टेबलावरून लोंबणाऱ्या कापडाआडून तेवढाच दिसत होता. त्यानं टमाटा दाबला.

"दाबून नका पाहू, भाऊ," मी खालूनच म्हटलं.

हात थबकला, मग वांग्याकडे गेला.

"घ्याचं हाय का? मंग कायले चिवडून राह्यले?"

"वा, प्रत्येकाचं उत्तर वेगळं," वरून कोणी हसलं आणि हात थेट भेंडीवर. आता तुम्हीच सांगा, शेंडी मोडून पाहणारं गिऱ्हाईक कोणाला सहन होतं? भाजी कापडाची आहे हे मी केव्हाच विसरले होते.

"शेंडी मोडली तं पावशेर घ्या लागन!"

"सर, तुम्ही आलात?" मागून पल्लवीचा आवाज.

"अप्रतिम. तुझी भाजी तर भांडते."

पोरीनं वाकून पाहिलं. तिची पिन निघालेली आणि टेबलामागं मी.

"आई, हे काय करून राह्यली?" तिचे डोळे भरले. पोरीचं वर्ष मीच बुडवलं होतं. उठले, हात जोडले.

"पोरीचा दोष नाही, सर. मार्क कापाचे तं माहे कापा."

सर हसले. पिन लावायला सांगितली, भेंडीला बोट लावलं, तिचं गोड बोलणं ऐकून घेतलं आणि वहीत काहीतरी लिहिलं.

पल्लवी फर्स्ट क्लासमध्ये पास झाली. शेरा होता, "कल्पना उत्तम. आवाज मात्र आईचाच भरावा." तिनं भरला, आणि ती भाजी आता आमच्या भिंतीवर आहे.

परवा धूळ झटकायला भेंडीला हात लावला, तर अशी खेकसली की मी "चुकलं बाई" म्हणून दोन पावलं मागं सरले.