सुनयनाच्या आप्पांची जाहिरात

रामनगरात सुनयनाचं घर विचारलं तर लोक ‘ती कॉम्प्युटरवाली काय?’ म्हणून बोट दाखवतात. पस्तिशी उलटलेली, लग्न न केलेली बाई. बेळगावात शिकली, तिथल्याच एका जाहिरातीच्या कंपनीत काही वर्षं काढली. आई रुक्मा गेली आणि घरात आप्पा एकटे उरले. धाकटा भाऊ नागेश गोव्यात नोकरीला, त्याचा संसार तिकडेच. तेव्हा सुनयना बेळगावची खोली सोडून आली ती कायमची.

काम मात्र तिनं सोडलं नाही. गणेशगुडीचे बोटवाले, अणशीकडचे होमस्टेवाले यांच्या जाहिराती ती घरात बसून मोबाईलवर चालवायची. पूर्वी सगळं हातानं करावं लागे. कुणाला दाखवायची, कुठल्या शहरात, कुठला फोटो लावून. अलीकडे तिनं हे काम एआय एजंटांवर सोपवलं होतं. एजंट म्हणजे कुणी माणूस नव्हे, कॉम्प्युटरच्या आतला कामकरी. त्याला एकदा सांगायचं, एवढ्या खर्चात जास्तीत जास्त चौकशीचे फोन आण. मग तो दिवसरात्र बघत राहतो. जिथून फोन येतात तिथं जाहिरात वाढवतो, जिथून येत नाहीत तिथली काढून घेतो. मोठा फेरफार असला की मात्र तिला विचारायचा, आणि ती ‘हो’ दाबायची. त्याचा हिशेब सहसा चुकत नसे. होमस्टेवाले खूश होते. सुनयनाला आप्पांकडे बघायला वेळ मिळत होता, आणि तिला तेच हवं होतं.

कारण आप्पा विसरायला लागले होते.

येसाजी हे त्यांचं नाव. सुप्याच्या धरणात जी गावं गेली त्यातलं देवकोंडी हे त्यांचं गाव. विशीतला येसाजी आईबापाबरोबर रामनगरला आला, सरकारनं दिलेली जमीन कसली, जंगलात लाकूडतोडीच्या कामाला गेला, लग्न केलं, पोरं वाढवली. उभ्या आयुष्यात त्यांनी देवकोंडीचं नाव काढलेलं सुनयनाला आठवत नव्हतं. पण बाकीचं सगळं विसरत चालले तसं ते गावच तेवढं वर येत राहिलं. संध्याकाळ झाली की खांद्यावर कांबळं टाकून दारात उभे राहायचे.

“चल, घरी जाऊया,” म्हणायचे.

“आप्पा, हेच घर हाय.”

“हे न्हाई. हे सरकारचं. आपलं नदीकडं.”

पुढं पुढं ते तिला ओळखेनासे झाले. जेवायला वाढलं की “तू कुणाची गं?” म्हणून विचारायचे. ती “तुमचीच,” म्हणायची. ते मान डोलवायचे, पण नजर परक्या घरी जेवायला बसलेल्या पाहुण्यासारखी असायची.

दिवाळी होऊन गेली होती. गावातली माणसं भातकापणीला शेतात होती. सुनयना आतल्या खोलीत एका होमस्टेवाल्याशी बोलत होती. बोलणं लांबलं. बाहेर आली तर ओसरीवर कांबळंही नव्हतं आणि आप्पाही नव्हते.

बाजारात कुणी म्हणालं, लोंड्याच्या बसमध्ये चढताना बघितला. कुणी म्हणालं, रस्त्याच्या कडेनं चालत जोयड्याकडं चालला होता. सुनयनाला आतून वाटत होतं की आप्पा नदीकडेच जाणार. ठाण्यात तक्रार दिली. नागेश आला. गावातली आठ-दहा माणसं घेऊन दोघं सुप्याच्या धरणामागं पसरलेल्या पाण्याच्या, फुगवट्याच्या कडेकडेनं फिरले. पण ते पाणी म्हणजे काही तळं नव्हे. डोंगरांच्या बोटांमधून ते कुठं कुठं शिरलेलं आहे, ते तिथल्या माणसालाही धड सांगता येत नाही. कुणी काही पाहिलं नव्हतं.

तेव्हा तिनं जे येत होतं ते केलं. आप्पांची जाहिरात काढली.

दोन फोटो दिले. एक नागेशच्या लग्नातला, फेटा बांधून हसणारा. दुसरा तिनंच नुकता काढलेला, दाढीची खुंटं वाढलेली, खांद्यावर कांबळं. खाली मराठीत आणि कन्नडमध्ये नाव, गाव, स्वतःचा नंबर. भाग दोन ठरवले. एक फुगवट्याच्या काठचा, जोयड्यापासून दिग्गीकडच्या रानातल्या वाड्यांपर्यंत. दुसरा लोंडा, खानापूर, बेळगाव आणि खाली गोवा. मग एजंटाला नेहमीसारखं सांगितलं, जास्तीत जास्त फोन आण.

फोन आले. इतके की नागेश एका मोबाईलवर आणि ती दुसऱ्यावर. मडगावच्या स्टेशनवर असा म्हातारा झोपलेला असतो. म्हापशात एक जण रोज देवळाबाहेर बसतो. हुबळीहून एका माणसाचा फोन आला, त्याचे स्वतःचेच वडील दोन वर्षांपूर्वी गेले होते निघून. त्याला फक्त बोलायचं होतं. सुनयनानं त्याचं ऐकून घेतलं.

अशाच एका सकाळी ती बेळगावला निघाली होती. कपिलेश्वराच्या देवळाजवळ कांबळं घेतलेला एक म्हातारा आहे, असा एका बाईचा निरोप होता, तिनं अगदी डोळ्यांनी पाहून सांगितलं होतं. बस सुटायच्या बेतात असताना मोबाईलवर एजंटाचा निरोप उमटला. पहिल्या भागातून आजवर एकही फोन नाही. कांबळ्याच्या फोटोला प्रतिसाद कमी आहे, फेट्याच्या फोटोला चांगला आहे. पहिला भाग आणि कांबळ्याचा फोटो बंद करून सगळा खर्च दुसऱ्या भागाकडे वळवू का?

तेवढ्यात मडगावचा फोन वाजायला लागला. कंडक्टर आत चढा म्हणत होता. सुनयनानं ‘हो’ दाबलं आणि फोन घेतला.

बेळगावचा म्हातारा आप्पा नव्हता. त्यानं तिचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. तिनं त्याला इडली आणून दिली, पाण्याची बाटली भरून दिली आणि परत बसमध्ये येऊन बसली. शेजारच्या बाईनं विचारलं, “का रडतायसा?” तर तिला धड सांगताही येईना, की कुणासाठी.

त्यानंतरही फोन येतच राहिले. नागेश दोनदा मडगावला जाऊन आला, एकदा म्हापशाला. एजंट रोज कळवत होता की प्रतिसाद वाढतो आहे.

आणि मग एके सकाळी ठाण्यातून फोन आला. फुगवट्यात मासे धरणाऱ्यांना काठाशी एक देह मिळाला होता. कांबळं काठावरच्या दगडावर नीट घडी घालून ठेवलेलं होतं. अंघोळीला उतरल्यासारखं.

ओळख पटवायला दोघं गेले. नागेश बाहेरच थांबला, सुनयना आत गेली. आप्पांची दाढी चांगलीच वाढली होती. पण नखं कापलेली होती. अंगातला सदरा त्यांचा नव्हता, जुना असला तरी धुतलेला होता. कुणीतरी ह्यांना सांभाळलं, एवढं तिला त्या नखांवरून कळलं.

दिवसकार्य झाल्यावर तिनं विचारत विचारत आप्पांना सांभाळणाऱ्या माणसांचं घर शोधून काढलं. दिग्गीच्या वाटेवर, डांबर संपून बरंच आत, फुगवट्याच्या वरच्या अंगाला गवळ्यांचा वाडा. चार घरं, बाजूला म्हशींचा गोठा. त्यातल्या एका घरात धाकलू आणि त्याची बायको फुला राहत होती. सुनयनानं मी त्यांची मुलगी म्हणून सांगितलं, तशी फुलानं घोंगडी अंथरली. धाकलू खाली बघत बसला.

“पाण्याकडं बघत उभे होते,” तो म्हणाला. “नाव विचारलं तर सांगंनात. देवकोंडीला जायाचं हाय, एवढंच. म्हटलं, ते गाव आता न्हाई. तर म्हणाले, हाय, खाली हाय. घरी आणलं. म्हशींची लय माया. सकाळी गोठ्यात माझ्या आदी हजर.”

“आमची जाहिरात होती मोबाईलवर,” सुनयना म्हणाली. “तुमच्याकडं आली न्हाई?”

धाकलूनं कमरेचा मोबाईल काढून पुढं ठेवला.

“आली की,” तो म्हणाला. “हितं रेंज न्हाई. टेकडीवर चढावं लागतंय. म्हशी घेऊन गेलो होतो, मोबाईल उघडला, तर ह्यांचाच फोटो. कांबळं घेतलेला. वाचायला मला नीट येत न्हाई. म्हटलं, हिला दाखवू, ही चार बुकं शिकलीय. बोटानं काय दाबलं, तर पुढंच गेला फोटो. मागं येईना. दुसऱ्या दिवशी हिला घेऊन वर गेलो.”

“मग?”

“न्हाई आला. बुटाची आली, कर्जाची आली, कसल्या तेलाची आली. आमी दोघं दुपारपर्यंत बसलो. मग रोजच जायाला लागलो. कधी आला न्हाई.”

सुनयनानं तो कुठला दिवस होता ते विचारलं. फुलाला आठवत होतं. फोटो दिसला तो शेजारच्या वाडीतल्या लग्नाच्या दुसऱ्या दिवशी, आणि लग्नाची तारीख तिला पाठ होती. सुनयनानं मनाशी हिशेब केला. ती बेळगावच्या बसमध्ये चढत होती, त्याच्या आदल्या दिवशी धाकलूला फोटो दिसला होता. दोघं टेकडीवर बसले होते, त्याच सकाळी तिनं ‘हो’ दाबलं होतं. 

“जोयड्याला जाऊन ठाण्यात सांगायचं ठरीवलं होतं,” धाकलू सांगत होता. “पण म्हस व्यायला झाली होती, अडली. तिला सोडून जाता येईना. ती मोकळी झाली आणि म्हटलं आता उद्या जाऊ. त्याच पहाटे हे उठून गेले. चूक झाली बाय माझी.”

“तुमची न्हाई,” सुनयना म्हणाली.

ह्या रानात टेकडी चढल्याशिवाय रेंज मिळत नाही, हे तिला जन्मापासून माहीत होतं. इथून फोन येणार नाहीत म्हणजे इथं कुणी नाही, असा त्याचा अर्थ होत नाही, हेही माहीत होतं. एजंटाला ते माहीत नव्हतं, आणि तिनं त्याला सांगितलं नव्हतं. तिनं फोन मागितले, त्यानं फोन आणून दिले. आप्पांना आण, असं तिनं त्याला म्हटलंच नव्हतं. म्हणता आलंही नसतं.

फुला तिला वाड्याच्या कडेपर्यंत पोचवायला आली. तिथं थांबून म्हणाली, “तुमचं नाव काय?”

“सुनयना.”

फुलानं पदर तोंडाला लावला. “मला ते सुनी म्हणत,” ती म्हणाली. “सुनी, बस. सुनी, तूपण जेव. मी शेजारी बसल्याबिगर ते घास घेत नव्हते. आमाला वाटलं, असंल कुणीतरी. मी आपली व्हय म्हणायची.”

“बरं केलंस,” सुनयना म्हणाली. मग ती तिथंच वाटेवर बसली. फुला तिच्याशेजारी बसली. म्हशी घरी परतेपर्यंत दोघी तशाच बसून होत्या.

त्या आठवड्यात नागेश गोव्याला परत निघाला, तेव्हा सुनयनानं त्याला सगळं सांगितलं. धाकलूनं काय पाहिलं ते, आणि बसमध्ये चढताना आपण काय दाबलं तेही. न सांगता ठेवलं असतं तर त्याला कधी कळलं नसतं. पण तिला ते जमलं नाही.

नागेश बॅगेची चेन ओढत होता. थांबला. “अक्का, आप्पा तिकडंच जाणार हे तूच म्हणत होतीस.”

“व्हय.”

“मी मडगावला हिंडत होतो.”

“व्हय.”

त्यानं चेन शेवटपर्यंत ओढली. भांडला असता तर बरं झालं असतं. बस आली, त्यात बसला, खिडकीतून हातही केला. पोचल्यावर फोन करतो म्हणाला आणि केलाही. मग मात्र फोन विरळ होत गेले. वर्षश्राद्धाला येतो म्हणाला होता, सुट्टी मिळाली नाही.

सुनयना अजून जाहिरातींचंच काम करते. दुसरं तिला येत नाही. एजंट अजून विचारतो, ह्या भागातून प्रतिसाद नाही, बंद करू का? ती उत्तर देत नाही, निरोप तसाच पडून राहतो. गणेशगुडीचा एक जुना गिऱ्हाईक त्यावर चिडला, आमचा खर्च वाया जातोय म्हणाला, आणि सोडून गेला. तिनं त्याला समजावलं नाही. काय समजावणार होती?

कधीमधी ती दिग्गीच्या वाटेला लागते. फुला भाकरी करते, सुनयना चुलीपुढं बसते. आप्पा सकाळी उठून गोठ्यात कसे जायचे, कुठल्या म्हशीशी बोलायचे, ते फुला सांगते. तेच तेच सांगते, आणि सुनयना ऐकते.