अनुभव अहवाल : नाव, वय आणि पत्त्यासह

गेल्या वर्षी जून महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी, सकाळी दहा वाजून पन्नास मिनिटांनी, बेलापूरमधल्या एका खासगी हॉस्पिटलच्या मुलाखतीच्या खोलीतून मला सुरक्षारक्षकाने दंडाला धरून बाहेर काढलं. मुलाखत माझी नव्हती.

मुलाखत माझ्या मुलीची, केतकीची होती. केतकी नर्स आहे. तीन वर्षांचा कोर्स, पहिला वर्ग, कौन्सिलची नोंदणी, सगळं जिथल्या तिथे. मी एका मराठी दैनिकाच्या डेस्कवर तीस वर्षं दुसऱ्यांच्या बातम्या तपासून निवृत्त झालेला उपसंपादक. दोघांत नोकरीची गरज फक्त तिला होती, तरी मुलाखतीच्या खोलीत जास्त मी बोललो. (असं माझ्या बायकोचं, सुनंदाचं म्हणणं आहे. तपासून पाहिलं. खरं आहे.)

त्याआधीचे नऊ महिने केतकी पांढरी फाइल घेऊन ऐरोलीपासून पनवेलपर्यंत फिरत होती. वाशीत एका काउंटरवर झालेला संवाद असा :

"अनुभव?"

"मॅडम, फ्रेशर आहे."

"दोन वर्षांचा लागतो."

"तो कुठे मिळेल?"

"दुसरीकडे बघा."

दुसरीकडे म्हणजे खारघरला गेलो. तिथे म्हणाले, "आधी एखाद्या हॉस्पिटलमध्ये काम करा, मग आमच्याकडे या." केतकी म्हणाली, "हेही हॉस्पिटलच आहे ना?" समोरच्या माणसाने आजूबाजूला पाहिलं, जणू खात्री करून घेतली, आणि म्हणाला, "हो, पण इथे अनुभवी लागतात."

तळोज्याच्या बाजूला एकाने तिला घ्यायची तयारी दाखवली! पहिले सहा महिने ट्रेनिंग, पगार नाही, आणि मूळ सर्टिफिकेटं त्यांच्या कपाटात जमा.

"कपाटात कशाला?" मी विचारलं.

"सेफ्टी."

"कोणाची?"

त्याने पुढच्या उमेदवाराला हाक मारली.

याच दिवसांत पेपरात 'परिचारिकांचा तीव्र तुटवडा' असा मथळा आला. तसला मथळा मी स्वतः नोकरीत कित्येकदा दिला होता. केतकीने पेपर माझ्या चहाच्या कपावर ठेवला. (कपाशेजारी नाही, कपावर.)

"बाबा, तुटवडा नेमका कुठल्या हॉस्पिटलात आहे? नाव छापायचं ना. अर्ज टाकला असता."

तीस वर्षांत वाचकाने विचारलेला हा सर्वांत अचूक प्रश्न. घरात नर्सला नोकरी नाही आणि पेपरात नोकरीला नर्स नाही, हे दोन्ही एकाच वेळी खरं होतं. या गोष्टीचा मला इतका संताप आला की मी संपादकाला पत्र लिहिलं. ते छापून आलं नाही. जागेअभावी, असं कळलं.

अनुभवाची अट नसलेली एकच जागा नवी मुंबईत होती : आमची नेरूळमधली सोसायटी. तीन विंग, एक नर्स. सकाळी साडेसातपासून दाराची बेल. "सिस्टर आहे का?" बीपी बघायला सिस्टर. शुगर बघायला सिस्टर. पडलेल्या, कापलेल्या, भाजलेल्या सगळ्यांना सिस्टर. डॉक्टरांनी लिहून दिलेलं इंजेक्शन टोचायला सिस्टर. 'तुम्हाला किती वर्षांचा अनुभव?' असं एकानेही विचारलं नाही. फार तर, "दुखणार नाही ना गं?"

सी विंगच्या चारशे दोनमध्ये साळवी राहतात. ते बेलापूरच्या एका हॉस्पिटलात प्रशासकीय अधिकारी. त्यांच्या आई खुब्याच्या फ्रॅक्चरमुळे अंथरुणाला खिळल्या आणि पडून पडून पाठीला जखम झाली. केतकी रोज दोनदा जाऊन ड्रेसिंग करायची, कूस बदलून द्यायची. तीन महिन्यांत जखम भरली. साळवी मला लिफ्टमध्ये म्हणाले, "पाटीलसाहेब, पोरगी म्हणजे हिरा आहे. आमच्याकडे जागा निघाली की मी आहे ना. टेन्शन नका घेऊ."

मी टेन्शन घेतलं नाही. तिथून पुढचं सगळं त्यामुळे झालं.

माझी धाकटी बहीण शेवंता दिवाळे गावात असते, मासळी विकते. एका रविवारी ती कोयत्याने कापलेला अंगठा घेऊन आली. केतकीने पट्टी बांधता बांधता सगळी कर्मकहाणी सांगितली. शेवंता माझ्याकडे वळली.

"काय रं दादा, पोरगी येवरं काम करते ते कुठं लिवलंस काय?"

"लिहायचं काय त्यात?"

"जल्मभर दुसऱ्यांचा लिवलंस. चोरांचा लिवलंस, पुढाऱ्यांचा लिवलंस. आता पोरीचा लिव ना! लिवलेला असल तं कोन नाय म्हनल?"

मी त्या दिवशी दोनशे पानी वही आणली.

वहीचं नाव 'अनुभव अहवाल'. नोंद करण्याची पद्धत मला एकच येते. आमच्या धंद्यात नाव, वय आणि राहण्याचं ठिकाण नसलेला माणूस हा माणूसच नसतो. त्यामुळे पहिली नोंद अशी पडली : 'रमेश गायकर (वय ५८, रा. बी-२०३) यांना सोमवारी सकाळी आठ वाजता उजव्या नितंबात इंजेक्शन देण्यात आले. इंजेक्शन देताना त्यांनी आरडाओरड केली. प्रकृती स्थिर.'

केतकीने ती वाचली आणि तिचा चेहरा उतरला.

"बाबा, नावं नका लिहू. कोणाला काय झालंय ते बाहेर सांगायचं नसतं. आम्हाला पहिल्या वर्षी पहिलं तेच शिकवतात."

"नावाशिवाय बातमी म्हणजे अफवा."

"ही बातमी नाहीये, बाबा."

हा संपादकीय कामात हस्तक्षेप आहे, असं माझं मत पडलं. वही मी तिच्या नजरेआड ठेवली, आणि लोक आमच्या दारातून बाहेर पडले की जिन्यात गाठून माहिती घेऊ लागलो. लोक मोकळेपणाने बोलायचे. (पत्रकाराशी बोलतोय असं त्यांना वाटत नव्हतं, नर्सच्या बापाशी बोलतोय असं वाटत होतं. हा फरक तेव्हा मला महत्त्वाचा वाटला नाही.) 'ए विंगमध्ये गळवाचा निचरा', 'वृद्धेची जखम भरली, कुटुंबीयांत समाधान' असे मथळे दिले. एक्केचाळीस पानं टाइप झाली. स्पायरल बाइंडिंग केलं. मुखपृष्ठावर केतकीचा फोटो.

जूनमध्ये साळवींच्या हॉस्पिटलात जागा निघाली. मंगळवारची मुलाखत ठरली.

आता, एका सूत्रावर बातमी छापू नये, संबंधितांकडून खातरजमा करावी, हा नियम मी तीस वर्षं पाळला. मंगळवारी सकाळी नऊ वाजता निघण्यापूर्वी मी तो पुन्हा पाळला. अहवालाची संपूर्ण प्रत सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली. खाली लिहिलं, 'कृपया तपासून पाहावे. दुरुस्ती असल्यास दहा वाजेपर्यंत कळवावी.'

ग्रुपवर एकशे बारा घरं आहेत.

बेलापूरला पोहोचलो. केतकी आत गेली, मी दाराबाहेरच्या बाकावर बसलो. मांडीवर अहवाल. दहा वाजून वीस मिनिटांनी फोन थरथरायला लागला आणि थांबेचना.

'हे काय आहे???'

'पाटील, तुमचं डोकं ठिकाणावर आहे का?'

'गायकर, तुम्ही ओरडलात? 😂'

'माझं वय ५४ आहे, ५९ नाही. ताबडतोब सुधारा.' (ही ए विंगमधली गळवाची बातमी. गळवाबद्दल तक्रार नव्हती!)

मी वयाची दुरुस्ती पेनाने केली. एवढ्यात अर्धवट उघड्या दारातून साळवींचा आवाज आला.

"अनुभव?"

"सर, फ्रेशर आहे," केतकी म्हणाली.

"हं. तोच तर प्रॉब्लेम आहे. आम्हाला दोन वर्षांचा लागतो."

ज्या माणसाच्या आईची पाठ माझ्या मुलीने तीन महिने रोज दोनदा धुतली, तो माणूस तिच्याच तोंडावर हे वाक्य बोलला. लिफ्टमधला हिरा टेबलापलीकडे गेल्यावर काचेचा झाला होता. मी उठलो. आपण उठलो हे मला आत पोहोचल्यावर कळलं.

"साळवी, तुमच्या आईची जखम कोणी बरी केली?"

खोलीत साळवी, पंचावन्नच्या आसपासच्या मेट्रनबाई आणि केतकी. केतकीने डोळे मिटून घेतले.

"पाटीलसाहेब, हा घरगुती विषय आहे," साळवी म्हणाले.

"घरात अनुभव आणि इथे फ्रेशर? जखम तीच, हात तोच! हे घ्या. एक्केचाळीस पानी अनुभव. लेखी!"

मी अहवाल मेट्रनबाईंसमोर आपटला. त्यांनी चष्मा लावला. मधलंच एक पान उघडलं आणि स्वच्छ आवाजात वाचायला सुरुवात केली.

"'अनिल साळवी, वय एकोणपन्नास, राहणार सी-चारशे दोन, यांना मूळव्याधीचा जुना त्रास असून, कोमट पाण्यात बसण्याचा सल्ला त्यांना...'"

त्या थांबल्या. साळवींच्या कानांचा रंग बदलला. हे पान अहवालात आहे, हे मी खरोखर विसरलो होतो. (एक्केचाळीस पानं असतात तेव्हा असं होतं. म्हणूनच डेस्कवर दोन माणसं तपासतात.)

"हे कोणी लिहिलं?" मेट्रनबाईंनी विचारलं.

"मी."

"सिस्टर, तुम्हाला हे माहीत होतं?"

"नाही, मॅडम." केतकीचा आवाज अगदी बारीक झाला होता. "बाबांनी लिहिलं ते एकदा बघितलं होतं. नावं लिहू नका म्हणून सांगितलं होतं. चूक माझीच आहे. वही काढून घ्यायला हवी होती."

"ठीक आहे. यांच्या आईंची जखम केवढी होती? काय काय केलंत? सांगा. तेवढा अनुभव तर कळू दे."

मी केतकीकडे पाहिलं. नऊ महिने हाच प्रश्न तिला कोणी विचारला नव्हता. आता विचारला होता, आणि उत्तर तिला तोंडपाठ होतं.

"मॅडम, आजींना किंवा सरांना चालणार असेल तर सांगते," ती म्हणाली. "नाहीतर नाही सांगता येणार."

मेट्रनबाईंनी साळवींकडे पाहिलं. साळवी टेबलाकडे बघत राहिले.

"अगं, सांग ना!" मी ओरडलो. "चार सेंटीमीटर होती, पान नऊवर आहे!"

त्यानंतर साळवींनी सुरक्षारक्षकाला बोलावलं. रक्षक आत आला तो यादव. तो महिन्यापूर्वीपर्यंत आमच्याच सोसायटीच्या गेटवर होता, आणि दाराबाहेरून त्याने सगळं ऐकलं होतं. त्याने माझा दंड धरला, पण हळू. कॉरिडॉरमध्ये आल्यावर कानाशी विचारलं, "पाटील साब, मेरा भी नाम है क्या उसमें?"

"पान सतरा," मी म्हणालो. "गजकर्ण."

त्याने दंड जरा घट्ट धरला.

परतीच्या रिक्षात केतकी एकच वाक्य बोलली. "बाबा, आता नवी मुंबईत राहिलेलं हॉस्पिटल कोणतं, ते तुम्हीच शोधा." सीवूड्सचा पूल येईपर्यंत मी उत्तर शोधत होतो. घरी आल्यावर सुनंदाने वही मागितली, दोन तुकडे केले, आणि म्हणाली, "तुम्ही रिटायर झालात. कोणी सांगितलं नाही का तुम्हाला?" संध्याकाळी सोसायटीची तातडीची सभा झाली. विषय एकच होता. मला ग्रुपमधून काढण्याचा ठराव हात वर करून मंजूर झाला. माझाही हात वर होता. सुनंदाने वर केला होता.

पुढचे तीन आठवडे आमची बेल वाजली नाही. केतकी फाइल घेऊन बाहेर पडली नाही. खोलीचं दार लावून बसायची. शेवंता एकदा येऊन गेली. पापलेटं दिली, माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाली, "मी लिव म्हनलं होतं. गावभर वाट म्हनलं नव्हतं!"

चौथ्या आठवड्याच्या सोमवारी बेल वाजली. दारात साळवी उभे होते. आईंची पाठ पुन्हा लाल दिसतेय, म्हणाले. मी दार लावायला घेतलं. केतकी आतून आली, माझा हात बाजूला केला, ड्रेसिंगची पेटी उचलली आणि गेली. "आजींनी कोणाचं काय वाईट केलंय?" एवढंच जाताना म्हणाली.

त्याच आठवड्यात गुरुवारी मेट्रनबाईंचा फोन आला. त्यांनी केतकीला विचारलं, "तू त्या दिवशी पेशंटबद्दल तोंड उघडलं नाहीस. ते कुठे शिकलीस?" केतकी म्हणाली, "कॉलेजात, मॅडम." मेट्रनबाई म्हणाल्या, "सगळेच शिकतात. ये सोमवारी."

केतकी सोमवारी रुजू झाली. पगार पहिल्या दिवसापासून आहे. मूळ सर्टिफिकेटं घरी आमच्या कपाटात आहेत. नियुक्तिपत्रावर प्रशासकीय अधिकारी म्हणून साळवींची सही आहे. त्यात 'अनुभव' या रकान्यात 'निरंक' असं लिहिलं आहे.

मी रोज सकाळी तिला सोडायला गेटपर्यंत जातो. गेटच्या आत मला प्रवेश नाही. यादवच्या टेबलावर, काचेखाली, माझा फोटो लावलेला आहे. खाली टाइप केलं आहे : मनोहर पाटील (वय ६३, रा. बी-५०१, नेरूळ). माझं वय एकसष्ट आहे. दुरुस्ती लेखी कळवली आहे. उत्तर आलेलं नाही.